चषक आपला, मैदान कुणाचे?

भात झोडून घरात आले की रायगड जिल्ह्यातल्या कर्जत आणि खालापूर तालुक्यांत दुसरा हंगाम सुरू होतो. खाचरातली ढेकळे फोडायची, मधला बांध तात्पुरता मोडायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, रोलर नसेल तर सिमेंटने भरलेला ड्रम ओढायचा आणि चुन्याने क्रीज आखायची. मग पहिल्या पावसापर्यंत दर शनिवार-रविवारी कुठे ना कुठे टेनिस बॉलचे सामने चालूच. प्रवेश फी ठरलेली, लॉट्स पाडलेले, चषक मांडवात टेबलावर रांगेने मांडलेले. समालोचक आदल्या रात्रीपासून घसा राखून ठेवतो. आता तर मोबाइलवर थेट प्रक्षेपणही होते. कुणी याला लीग म्हणत नाही, पण लीग म्हणजे आणखी काय असते? ठरलेले संघ, ठरलेला हंगाम, ठरलेले नियम आणि दरवर्षी पुन्हा भेटणारे तेच प्रतिस्पर्धी. आपल्या भागातली ही अनेक वर्षे चाललेली लीग आहे आणि तिचा इतिहास कुठेही लिहिलेला नाही.

या लीगचा एक नियम मोठा गमतीचा आहे. ‘एक गाव, एक संघ.’ ऐकायला किती समतेचा! पण गावाचा संघ म्हणजे कुठल्या आळीचा संघ, हे आपल्या वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. बौद्धवाड्यातला वेगवान गोलंदाज गावाला चालतो, कारण तो सामना जिंकून देतो. कर्णधार मात्र तो नसतो आणि बक्षीस घ्यायला मंडपात पुढे जाणाराही तो नसतो. म्हणून मग वाड्याचा स्वतंत्र संघ निघतो, आणि ‘एक गाव, एक संघ’ या नियमावर बोट ठेवून त्याला प्रवेश नाकारला जातो. दुसरीकडे जातीजातींचे चषक आहेत. प्रत्येक समाजाची आपापली स्पर्धा, प्रवेश फक्त त्या समाजाला. आपल्यातही अशा स्पर्धा होतात, बहुतेक एप्रिलमध्ये, जयंतीच्या आगेमागे. हे चांगले की वाईट, याचे उत्तर एका वाक्यात देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मुंबईत क्रिकेट रुजले ते धर्माच्या जिमखान्यांत. पारशी, हिंदू, मुस्लिम अशा जिमखान्यांना समुद्रालगत जागा मिळाल्या. आधी युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने होत. १९०७ मध्ये हिंदू आले आणि तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि चौरंगी झाली, १९३७ मध्ये पाचवा संघ आला आणि पंचरंगी झाली. त्या पाचव्या संघाचे नाव काय, तर ‘शेष’. जे कशातच बसत नाहीत ते. ख्रिस्ती असलेले विजय हजारे याच संघातून खेळत आणि १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा त्यांच्या एकट्याच्या होत्या! या सगळ्या रंगांत अस्पृश्यांचा रंग कुठेच नव्हता. तसा जिमखाना नव्हता, तंबू नव्हता, समुद्राकाठची जागा तर दूरच राहिली.

आणि तरीही त्या काळातला हिंदुस्थानचा सर्वांत मोठा गोलंदाज अस्पृश्य होता. बाळू पालवणकर यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे, पण ते मैदानावर कोणत्या दाराने आले हे पुरेसे सांगितले जात नाही. चांभार कुटुंबातला हा मुलगा पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायला आणि खेळपट्टी लाटायला लागला, पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला, तिथे चार रुपये. मैदानाची सगळी कामे करून जाळ्यात साहेबांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज फलंदाज त्यांच्यासमोर तासन् तास सराव करी. फलंदाजी साहेबाची आणि हात दुखणार बाळूंचा. मुंबईच्या मैदानांवर अशा माणसाला आजही माळी म्हणतात. म्हणजे हिंदुस्थानातला पहिला मोठा फिरकी गोलंदाज माळीकामातून आला, क्लबाच्या सभासदत्वातून नव्हे.

साहेबांना हरवायचे म्हटल्यावर पुण्याच्या हिंदू संघाला बाळूंची गरज पडली. मैदानावर ज्या चेंडूला त्यांचा हात लागे तोच चेंडू इतर दहा जण पकडत. चहाच्या वेळी मात्र ते पॅव्हेलियनच्या बाहेर उभे आणि त्यांचा चहा मातीच्या टाकाऊ भांड्यात. जेवणाला पान वेगळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता! पुढे प्लेगच्या दिवसांत ते मुंबईत आले, हिंदू जिमखान्याकडून खेळले आणि १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले त्या विजयात त्यांचा हात होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. शिवराम, विठ्ठल, गणपत हे धाकटे भाऊही तोलामोलाचे खेळाडू. पण कर्णधारपद? बाळूंना ते कधी अधिकृतपणे मिळाले नाही. १९२० मध्ये पालवणकर बंधूंनी निवड समितीच्या अन्यायाविरुद्ध जाहीर निषेध केला आणि संघातून अंग काढून घेतले. आपल्या चळवळीच्या इतिहासात या निषेधाला जागा मिळायला हवी, कारण महाडच्या सात वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्यानंतर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने याच बाळूंना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. त्याआधी १९३२ च्या पुणे करारावरही बाळूंची सही आहे. एवढ्यावरून त्यांना चळवळीतून वजा करणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. काँग्रेसने त्यांचा वापर केला हे खरे, तसा हिंदू जिमखान्यानेही केला होता. प्रश्न बाळूंच्या निष्ठेचा नाही, ते जिथे उभे होते त्या जागेचा आहे. त्यांच्या पाठीशी स्वतःचा क्लब नव्हता, स्वतःचे मैदान नव्हते, संघ निवडणाऱ्या समितीत आपला माणूस नव्हता. खेळाडू आपला होता, बाकी सगळे दुसऱ्याचे. प्रतिनिधी आपला पण त्याला निवडणारे दुसरे, ही स्थिती राजकारणात काय करते हे बाबासाहेबांनी आयुष्यभर सांगितले. मैदानावर तेच आधी घडून गेले होते.

पंचरंगी स्पर्धा १९४६ मध्ये कायमची बंद झाली. देश धर्मावर फाटत असताना धर्माचे संघ खेळवणे शोभत नव्हते. १९४८ मध्ये मुंबईत डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने कांगा लीग सुरू झाली, भर पावसाळ्यात, न झाकलेल्या ओल्या खेळपट्ट्यांवर. ही क्लबांची लीग, धर्माची नव्हे. सात गट, प्रत्येकी चौदा संघ. इथे चिखलात चेंडू कसा उडेल याचा भरवसा नसे आणि म्हणून या लीगमध्ये काढलेल्या चाळीस धावांना मुंबईत मान असे. सुनील गावस्कर दादर युनियनकडून खेळत. सचिन तेंडुलकर १९८४ मध्ये अकराव्या वर्षी जॉन ब्राइट क्लबकडून याच लीगमध्ये उतरला. या लीगचे मोठेपण मला दुसऱ्याच गोष्टीत दिसते. तिचे कागद आहेत. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात धावफलक छापून येई आणि आझाद मैदानावर कुणी पाच बळी घेतले हे निवड समितीला कळे.

आता कर्जतचा मुलगा घ्या. मुंबईची लोकल त्याच्या गावापर्यंत येते, आईबाप त्याच लोकलने कामाला जातात. पण वांगणी सोडून शेलू आले की ठाणे जिल्हा संपतो आणि क्रिकेटचा नकाशाही बदलतो. ठाणे जिल्हा मुंबईच्या संघटनेकडे, रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे. पोट भरायला मुंबई आणि संघात यायला घाट चढून पुणे! ज्याच्या घरी गाडी आहे त्याला दोन्ही जवळ. ज्याच्या घरी गाडी नाही, त्याच्यासाठी खाचरातली टेनिस बॉलची लीग हीच पहिली आणि तीच शेवटची. मार्च २०२४ मध्ये ठाण्यात सिनेतारकांच्या मालकीच्या संघांची टेनिस बॉलची लीग झाली. तिथवर पोचलेला एखादा मुलगा सोडला तर खाचरातला खेळ खाचरातच राहतो.

या ठिकाणी मी वाचकांना अमेरिकेच्या दक्षिणेकडे नेऊ इच्छितो. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकले, १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य सांगितले, आणि १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तिथूनच घेतले. तेव्हा हे घर आपल्याला परके नाही. तिथला राष्ट्रीय खेळ बेसबॉल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये कृष्णवर्णीयांना दार बंद झाले. त्यांनी विनवण्या केल्या, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. १९२० मध्ये रूब फॉस्टर या खेळाडू-व्यवस्थापकाने निग्रो नॅशनल लीग काढली. त्याच वर्षी दक्षिणेत आणखी एक लीग निघाली, निग्रो सदर्न लीग. ही छोटी, प्रादेशिक, पैशाने कमजोर. अटलांटा, बर्मिंगहॅम, चॅटनूगा, माँटगोमेरी, नॅशव्हिल अशा गावांचे संघ. वर्णद्वेषाचे कायदे सर्वांत कडक असलेल्या मुलखात ही लीग कधी चाले, कधी बंद पडे, पुन्हा उभी राही. तिच्या संघांची नावे ऐका. गोऱ्यांचा संघ ‘बॅरन्स’, तर यांचा ‘ब्लॅक बॅरन्स’. गोऱ्यांचा ‘क्रॅकर्स’, तर यांचा ‘ब्लॅक क्रॅकर्स’. मैदानही गोऱ्यांचेच. बर्मिंगहॅमचे रिकवूड हे १९१० चे मैदान, गोरा संघ बाहेरगावी गेला की भाड्याने मिळे. सॅचेल पेज हा अफाट गोलंदाज १९२६ मध्ये याच लीगमध्ये चॅटनूगाकडून पुढे आला. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये त्याला प्रवेश मिळाला तो १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

वकील म्हणून मला बर्मिंगहॅम शहराचा एक नियम विसरता येत नाही. निग्रो आणि गोरा यांनी एकत्र पत्ते, फासे, सोंगट्या, बेसबॉल किंवा तसला कुठलाही खेळ खेळणे हा तिथे गुन्हा होता. छापील नियमात लिहिलेला गुन्हा. गोऱ्यांच्या सदर्न असोसिएशन या लीगमध्ये सबंध इतिहासात फक्त एक कृष्णवर्णीय खेळाडू उतरला, १९५४ मध्ये, आणि तोही फक्त दोन सामन्यांसाठी. १९६१ नंतर ती लीगच बंद पडली. बर्मिंगहॅमने एकत्र खेळण्यापेक्षा संघ न उतरवणे पसंत केले. आपल्याकडे असा नियम कुठे छापलेला नाही. उलट सतरावे कलम आहे. इथे तो नियम ‘एक गाव, एक संघ’ अशा गोड शब्दांत येतो किंवा खाचराच्या सातबारावर येतो.

पण त्यांच्याकडचा पुढचा भाग जास्त विचार करायला लावणारा आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि भिंत फुटली. निग्रो लीगमधल्या त्याच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, त्याबद्दल एक डॉलरही मिळाला नाही. चांगले खेळाडू एकामागून एक निघून गेले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले. फॉस्टरची लीग १९३१ मध्येच मंदीत संपली होती, १९३३ मध्ये त्याच नावाने उभी राहिलेली दुसरी लीग १९४८ च्या हंगामानंतर गेली. खेळाडू वर गेले, पण कृष्णवर्णीय मालक, व्यवस्थापक, पंच, तिकीट विकणारे यांना गोऱ्यांच्या लीगने घेतले नाही. न्यूअर्क ईगल्सचा कारभार एफा मॅन्ली ही बाई सांभाळत होती. या लुटीविरुद्ध ती उघड बोलली आणि त्या वेळी तिच्यावर स्वार्थीपणाचा आरोप झाला. २००६ मध्ये मात्र बेसबॉलच्या सन्मानदालनात जाणारी ती पहिली स्त्री ठरली. एकत्र खेळणे हवेच होते, याबद्दल शंका नाही. पण एकत्र येताना एका बाजूने माणसे द्यायची आणि संस्था गमवायची, दुसऱ्या बाजूने काहीच गमवायचे नाही, याला समता म्हणत नाहीत.

तरीही त्यांच्याजवळ एक गोष्ट उरली. कागद. ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कूरियर’ यांसारखी कृष्णवर्णीयांची वर्तमानपत्रे आपल्या लीगचे धावफलक छापत होती. गोरी वर्तमानपत्रे बहुधा छापत नसत. त्या पिवळ्या पडलेल्या अंकांतून संशोधकांनी वर्षानुवर्षे एकेक सामना गोळा केला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीगना पहिल्या दर्जाची मान्यता दिली आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत मिळवले. परिणाम काय झाला? आजवर फलंदाजीच्या सरासरीत सर्वकाळ अव्वल म्हणून टाय कॉब या गोऱ्या खेळाडूचे नाव होते, .३६७. त्याच्या वर .३७२ ने जोश गिब्सन आला. हा गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये, रॉबिन्सन उतरण्याच्या तीन महिने आधी, मेला होता. छोट्या सदर्न लीगचे मात्र फक्त १९३२ हे एकच वर्ष पहिल्या दर्जाचे मानले गेले, बाकी सगळी वर्षे दुय्यम. त्या दुय्यम वर्षांची पाने फार विस्कळीत आहेत.

आपली पाने तर विस्कळीतही नाहीत. कर्जत-खालापूरच्या वाड्यांमधून गेल्या तीस-चाळीस वर्षांत किती मुले खेळून गेली? कुणी शाळेच्या दाखल्यावर क्रीडागुण घेतले, कुणी रेल्वेत लागले, बहुतेक जण खोपोलीच्या कारखान्यांत कंत्राटावर गेले. त्यांच्या धावा मंडळाच्या वहीत होत्या. वही पुढच्या हंगामात नवी येते, जुनी रद्दीत जाते. चषक घरात फळीवर राहतो, पण त्यावर वर्ष कोरलेले नसते, प्रायोजकाचे नाव कोरलेले असते! म्हणून माझी या पानाच्या संपादकांनाही सूचना आहे. जयंतीच्या अंकात पुढाऱ्यांच्या शुभेच्छांच्या जाहिराती छापतो, त्याच्या शेजारी वाड्यांच्या अंतिम सामन्याचा पूर्ण धावफलक छापायला किती जागा लागेल? चार इंच.

समाजाच्या स्वतंत्र स्पर्धेचा प्रश्न सुरुवातीला टाकला होता. गावच्या संघात मान मिळत नाही तोवर वाड्याचा संघ हवा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण ‘फक्त आपल्या समाजाला प्रवेश’ ही पाटी आपण लावायची म्हणजे १९४६ मध्ये बंद पडलेली पंचरंगी आपल्या हाताने पुन्हा सुरू करायची. आपल्या स्पर्धेत कातकरी वाडीचा संघ आला पाहिजे, ठाकूर वाडीचा आला पाहिजे, मोहल्ल्याचा आला पाहिजे. अट एकच, मैदानावर आणि मांडवात सगळ्यांना एकच पाणी. आणि मुलींचे सामने नंतर कधीतरी नव्हे, त्याच दिवशी त्याच मैदानावर.

आता त्या मैदानाचेच बघू. द्रुतगती मार्ग झाल्यापासून आणि नेरळ-कर्जतकडे फार्महाऊसची रीघ लागल्यापासून खाचरे विकली जात आहेत. दर हंगामात एखादी तरी जागा कमी होते. मालक बदलतो, दगडी कंपाउंड येते, फाटकाला कुलूप लागते. मागे एका वाड्यातली मुले माझ्याकडे आली, ‘वकीलसाहेब, वीस वर्षे आम्ही इथे खेळतो, आमचा हक्क नाही का?’ खासगी शेतावर नसतो, हे मला त्यांना सांगावे लागले. मालकाच्या मर्जीने खेळलेल्या खेळातून मालकी येत नाही. मग आपला हक्क कुठे आहे? गावाच्या सार्वजनिक जमिनीत आहे. महाडला चवदार तळ्याच्या दाव्यात तळे खासगी आहे हाच एक मुद्दा पुढे केला होता, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्पृश्यांचे अपील फेटाळले. हे आपल्याच जिल्ह्यातले तळे. राज्यघटनेच्या १५ (२) कलमात विहिरी, तळी, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक वावराच्या जागा आहेत, त्यात सरकारी पैशाने राखलेले मैदान येते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ॲट्रॉसिटी कायद्यात सामाईक साधनसंपत्तीचा वापर अडवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २२ वाचा. जिल्हाधिकारी सरकारी पडीक जमीन गावाच्या कामांसाठी राखून ठेवू शकतात. त्या यादीत चराई आहे, स्मशान आहे, खळे आहे, बाजार आहे, जनावरांची कातडी सोलण्याची जागासुद्धा नावानिशी आहे! ज्यांना ती जागा पिढ्यान्पिढ्या नेमून दिली होती त्यांच्या मुलांच्या क्रीडांगणाचे नाव मात्र तिथे शोधून सापडत नाही. ते ‘इतर सार्वजनिक प्रयोजन’ या शब्दांत बसवून मागावे लागते. गायरानाला हात लावू नये, कारण कलम २२-अ मुळे त्याचे प्रयोजन सहजासहजी बदलता येत नाही. गुरचरणाच्या नावाने आपल्याच भूमिहीन माणसांची घरे हलवली जाण्याचा धोकाही आहे. पडीक सरकारी गट शोधावा.

मंडळ नोंदलेले असेल तर अर्जाला वजन येते, नसेल तर आधी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. सात सभासद पुरतात. ठराव ग्रामसभेत तोंडी नव्हे, इतिवृत्तात गट नंबरासह लिहून घ्यावा आणि त्याची प्रत त्याच आठवड्यात मागावी. अर्ज तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे, सोबत गाव नकाशा, सातबारा आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत. आणि गेल्या पाच हंगामांच्या सामन्यांची वही कुणाच्या घरी शिल्लक असेल तर तिच्याही झेरॉक्स जोडाव्यात. मैदान वापरात होते, इथे मुले खेळत होती, हे दाखवणारा त्याहून चांगला कागद दुसरा नाही.